मर्व आजोबांच्या चटया

"मंगळवारी चटया अंथरलेल्या दिसल्या नाहीत, तर मी घरात पडलोय असं समज, पोरी," आमच्या क्लबचे मर्व आजोबा हॉलमध्ये म्हणाले होते. मी हसण्यावारी नेलं.

फार वर्षांपूर्वी टास्मानियाच्या पाहुण्यांशी आमच्या क्लबची इनडोअर बोल्सची, म्हणजे हॉलमध्ये लांब चटयांवर चेंडू घरंगळवण्याच्या खेळाची, पहिली स्पर्धा झाली, तेव्हा आमचा संघ हरला. हरलेल्यांनी चटया गुंडाळायच्या, ही प्रथा तेव्हाची. त्या संघातले आता आजोबाच उरलेत, आणि दर मंगळवारी खेळाआधी चटया अंथरायचं कामही त्यांनी स्वतःकडेच ठेवलंय.

काल मंगळवार, तरी चटया कोपऱ्यात गुंडाळलेल्याच होत्या.

"म्हातारा झोपला असेल गं!" सगळे म्हणाले.

बाळाला कडेवर घेऊन मी त्यांच्या घरी धावले. आजोबा न्हाणीघरात पडले होते, पण शुद्धीवर.

"किती उशीर! चटया कुणी अंथरल्या? वाकड्या असणार."

तुमच्याकडे चटया अंथरणारं माणूस आज दिसलं का? नसेल, तर आधी त्याच्या घरी जाऊन या.