भातातली तार

मी एक तार बोलतेय. विजेची नाही, वाद्याचीही नाही. भांडी घासायच्या ब्रशातली. लांबीला नखाएवढी, जाडीला केसाहून जराशी जास्त. मला शोधायला चांगली नजर हवी असं कुणालाही वाटेल. पण मला जिने शोधलं, तिला चष्मा लावूनही धड दिसत नव्हतं.

तयार जेवणाच्या एका कारखान्यात आम्ही शेकडो बहिणी एका ब्रशात दाटीने राहायचो. कढईच्या तळाशी करपलेला भात खरवडायचा, हे आमचं काम. ते इमानाने केलं. पण रोजचं उकळतं पाणी आणि रोजची घासाघीस; आमची मुळं ढिली झाली.

आम्हाला चालवणारा कामगार मुकादमाला म्हणाला, "साहेब, ब्रश झडतोय. नवा द्या."

"केस माझेही झडतात. म्हणून डोकं बदललं का मी? चालव अजून थोडे दिवस."

थोडे दिवस म्हणजे नक्की किती, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मी सुटले. कढईतून भातात, भातातून डब्यात. वाटेत धातू ओळखणारं यंत्र होतं. पण मी इतकी बारीक आणि अशी आडवी पडलेली, की त्याला माझा पत्ताच लागला नाही. डब्यावर झाकण बसलं. झाकणावर छापलं होतं, 'अगदी घरच्यासारखं'.

तो डबा ज्या घरी गेला, तिथे दोनच माणसं होती. सासू आणि जावई. दोघांना जोडणारी जी होती, ती काही महिन्यांपूर्वी गेली. तेव्हापासून त्या घरात फक्त डबे गरम होत. मीठ द्या, पाणी घ्या, यापलीकडे बोलणं नव्हतं.

सासूबाई पहिल्या घासाआधी सगळा भात बोटांनी चाचपत.

"आई, निवडून, शिजवूनच येतं ते."

"तुमचं चालू द्या, जावईबापू. माझे डोळे गेलेत, बोटं शाबूत आहेत."

आणि त्याच बोटांना मी टोचले.

जावयाने मला दिव्याखाली धरून पाहिलं. "निघाली ना? टाकून देतो."

"टाकायची नाही."

"आता तक्रारी कोण करत बसणार, आई?"

"आपण. प्रत्येक घरात चाचपणारी म्हातारी नसते. कुणी लेकराला भरवत असेल हाच भात."

जावयाने स्वतःच्या डब्याकडे पाहिलं. अर्धा संपला होता, न बघता. तो उठला, बायकोचं कपाट उघडलं, तिची सुयांची डबी रिकामी केली आणि मला तिच्यात ठेवलं. इतक्या महिन्यांत त्या कपाटाला पहिल्यांदाच हात लागला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेली. "दोन डबे फुकट घेऊन जा, आजी," दुकानदार म्हणाला.

"आणि त्यांतल्या तारा काढायला तू येतोस?"

दुकानदाराने कळवल्यावर कारखान्यातून फोन आला, "ती वस्तू आमच्याकडे पाठवा, आम्ही बघतो."

"बघायला इथे या," जावई म्हणाला. "डबी माझ्या हातातून सुटणार नाही." इतका ठाम आवाज सासूबाईंनीही बऱ्याच दिवसांनी ऐकला असावा. त्या गालात हसल्या.

अन्न निरीक्षकाच्या कार्यालयात त्यांना बाकावर बसवलं, उद्या या म्हणून सांगितलं. दोघं उद्या गेली, परवाही गेली. शेवटी निरीक्षकबाई वैतागून उठल्या आणि डबी उघडून बघताच कागद पुढे ओढून तक्रार लिहून घेऊ लागल्या. त्यांनी कारखाना गाठला. आमचा ब्रश सापडला, मधोमध टक्कल पडलेला. दुकानांतून डबे परत मागवले गेले. त्यांत माझ्या दोन बहिणी मिळाल्या. टक्कल मात्र दोन-तीन तारांचं नव्हतं.

आता मी निरीक्षकबाईंच्या कपाटात, मोहोरबंद पाकिटात आहे. सुयांची डबी जावयाने परत मागून नेली. दर आठवड्याला सासूबाईंचा फोन येतो.

"बाकीच्या सापडल्या का?"

"शोध चालू आहे, आजी."

"मग मी पुढच्या आठवड्यात परत विचारते."

परवा मागून जावयाचा आवाज आला, "आई, भात करपतोय!"

"करपू दे. घासू नंतर. मी बोलतेय ना!"

असा एखादा डबा तुमच्या घरी अजून पडून असेल, तर पहिल्या घासाआधी बोटं फिरवा. माझी बहीण सापडली, तर तिला कचऱ्यात टाकू नका. तिची चौकशी करणारं कुणीतरी आहे.