तड आणि धम यांच्यामधला हरी

या, असं सरकून जवळ बसा. टाळ मांडीवर असू द्या. बुवा उभे राहीपर्यंत तुळसाबाईंच्या शालिकरामाची गोष्ट ऐका.

नागपुरात सदर भागातल्या एका बंदुकांच्या दुकानात देवराव कारागीर होते. दुरुस्त झालेली रायफल पारशिवनीकडच्या ओसाड टेकडीपाशी नेऊन चालवून बघायची, हा त्यांचा शिरस्ता. देवराव इकडून बार काढत. पार तिकडे, निशाण्याखालच्या खोल खड्ड्यात त्यांचा तरणा मुलगा शालिकराम बसे. गोळी आवाजाच्या पुढे धावते, म्हणून त्याच्या डोक्यावर आधी ‘तड’ वाजे. ती गोळी. मागून ‘धम’ येई. तो बंदुकीचा बार. त्या फटीत शालिकराम ‘हरी’ म्हणे, आणि गोळीचा वेग तेवढ्यावर जोखे.

“बाबा, ह्या जाड्या गोळ्या आळशी हायेत,” भाकर खाताना तो सांगे. “हरीतला ‘ह’ निघाला का धम! टोकदार गोळीले मात्र पुरा हरी बसते.”

“बोथट तोंड, गा. वाऱ्याशी कुस्ती खेळत जाते, वेग झडते तिचा. टोकदार वाऱ्यातून निसटते, आवाजाले दूर मागं टाकते.”

घरी तुळसाबाई चिडत. “देवाच्या नावाचं घड्याळ केलं बापलेकानं!”

“घड्याळाले चाबी लागते, वं. याले नाही लागत,” देवराव हसत.

पुढे शालिकराम फौजेत गेला आणि एकाहत्तरच्या लढाईत कामी आला. थंडी सरताना त्याच्या पलटणीतला मनोहर घरी आला. काटोलकडचा पोरगा. चहाला हात न लावता म्हणाला, “काकी, त्याले काही समजलंच नाही. आवाज पोचायच्या आधी गोळी आली.” मग थोडं हसून, “सकाळपासून फायरिंग सुरू होती अन् हा आपला तोंडातल्या तोंडात पुटपुटून राहिला होता. आम्ही हरीबाबाच म्हणत होतो त्याले.”

मनोहरने हे धीर द्यायला सांगितलं, पण तुळसाबाईंचं कीर्तनाला जाणं त्या दिवसापासून सुटलं. अंतकाळी मुखी नाम असावं, एवढंच त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. आणि लेकाला तेवढाही अवकाश मिळाला नाही!

एका संध्याकाळी दिवा लावता लावता त्या म्हणाल्या, “तुम्ही गोळीतले जाणते. खरं सांगा, नाव घ्यायले सवड भेटली असंन का त्याले?”

देवरावांच्या जिभेवर खोटं आलं होतं. दुरून आलेली, थकलेली गोळी आवाजाच्याही मागे पडते. तशीच होती म्हणून सांगून टाकावं. पण दिव्यासमोर ते बोलवेना. “नाही, वं,” ते म्हणाले. “त्या गोळीनं सवड नाही देल्ली.”

तुळसाबाईंनी पदर तोंडाशी धरला. देवराव मात्र वातीकडे बघत राहिले. सकाळपासून फायरिंग. पुटपुटणं. हरीबाबा.

“तुळसे, उद्या माह्यासंग चाल.”

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या भैय्याजीला बार काढायला रायफल देऊन नवराबायको निशाण्याखालच्या त्या खड्ड्यात उतरले. लेकाच्या पाठीनं गुळगुळीत झालेली मातीची भिंत तशीच होती. तुळसाबाईंनी तिला हात लावला.

तड!

“हरी,” देवराव म्हणाले. मग धम.

तड!

“हरी,” या वेळी तुळसाबाईंच्या तोंडून आपसूक निघालं.

“प्रत्येक गोळीले म्हणे तो,” देवराव म्हणाले. “जे त्याले लागली, तिनं सवड नाही देल्ली. पण तिच्या आधीच्या गोळीचा हरी त्याच्या तोंडातच होता, वं.”

तुळसाबाईंनी त्या भिंतीला पाठ टेकली. मग म्हणाल्या, “भैय्याजीले म्हणा, अजून एक.” आणि डोळे मिटून, कान वर करून बसल्या, जणू त्या एवढ्याशा फटीतून लेक हाक मारणार होता.

गेल्या एकादशीपासून त्या पुन्हा कीर्तनाला येतात. त्या बघा, खांबापाशी. आता गजर होईल तेव्हा आपापला हरी म्हणा, आणि एक हरी त्यांच्या शालिकरामाची आठवण करून म्हणा.