ह्रुस्का बेकरी पडीक ठरवण्याचा ठराव

बुधवारी संध्याकाळी कॉर्विन फॉल्सच्या नगर परिषदेने बर्नाडेट ह्रुस्काची बेकरी पडीक असल्याचा ठराव पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला आणि मग त्याच बेकरीतून आलेले अक्रोडाचे रोल संपवले. ताटलीतला चुरासुद्धा महापौरांनी बोटाने टिपला.

पण हे सोडा. असं काही झालेलंच नाही. सप्टेंबरची सकाळ आहे, बेकरी जागच्या जागी आहे, आणि तिची काच इतकी लख्ख आहे की कालच एक चिमणी तिच्यावर आपटून मेली. मालकीण बर्नीने चिमणीला मागच्या अंगणात पुरलं आणि काच पुन्हा पुसली.

परिषदेला मेन स्ट्रीटच्या नदीकडच्या टोकाला हॉटेल हवं होतं, पाच मजली पार्किंग हवं होतं आणि समोर बाकं हवी होती, म्हणजे लोकांना बसून पार्किंगकडे बघता येईल. पैसे नव्हते. म्हणून रोखे काढायचे ठरलं: आज बाजारातून पैसे उचलायचे, आणि हॉटेल उभं राहिलं की जो जास्तीचा कर येईल त्यातून फेडायचे. तुरी अजून बाजारातच होत्या, पण घरातली मारामारी सुरू झाली होती.

अट एकच. असे रोखे फक्त पडीक भागासाठी निघतात, आणि भाग पडीक ठरायला त्यातल्या निम्म्याहून जास्त इमारती पडीक लागतात. त्या टोकाला इमारती होत्या सात. तीन खरोखरच मोडकळीला आलेल्या. उरलेल्यांपैकी एक बँक. रोखे तीच विकणार होती. एक चर्च, तिथे देव राहत होता. एक अंत्यविधीचं दुकान. ते महापौरांच्या मेव्हण्याचं. राहिली बर्नी.

महापौर डेल फायफर शाळेत बर्नीच्या मागच्या बाकावर बसायचा. तो आला, स्टुलावर बसला आणि कॉफीत साखर ढवळत म्हणाला, "बर्नी, एक काच फोडशील?"

"कुणाची?"

"तुझीच."

"डेल, आज गोळी घेतलीस का?"

"ऐक तर. एकच. मागची, छोटी. मी फोडली तर तो गुन्हा होतो. तू फोडलीस तर ती परिस्थिती होते."

"आणि पुढे?"

"पुढे आम्ही तुला पडीक ठरवू, जागा घेऊ, रास्त मोबदला देऊ, आणि नव्या हॉटेलच्या तळमजल्यावर तुझ्यासाठी... बघू."

"हे 'बघू' किती चौरस फुटांचं असतं रे?"

डेल हसला. बर्नी हसली नाही. "ही भट्टी माझ्या आजोबांनी बांधली. माझा नवरा या गल्ल्यावर बसल्या बसल्या गेला. गिऱ्हाइकाला सुटे पैसे परत देऊन मग गेला. मी कुठंही जाणार नाही."

"तुझं दुखणं काय आहे माहितेय? तू स्वच्छ आहेस. अख्ख्या गावाच्या वाईटावर उठलीयस तू."

जाता जाता त्याने भट्टीवरचा टायमर मागितला. पिवळ्या कोंबडीच्या आकाराचा, पीळ दिला की टिकटिकणारा. परिषदेचा बिघडला होता. सभेत नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात, आणि चौथं सुरू झालेलं लोकशाहीला झेपत नाही. "बुधवारी परत देतो," डेल म्हणाला. बर्नीने दिला. दुकान सोडून दुसरं काही मागितलं तर नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

मग राजधानीहून सल्लागार आला. ट्रेव्हर नावाचा, कोरीव दाढीचा तरुण. त्याने टॉर्च लावून कपाटांखाली पाहिलं.

"मॅडम, उंदीर?"

"नाहीत."

"कधीच नव्हते?"

"एक आला होता. उपाशी गेला."

ट्रेव्हर गुडघ्यांवर बसला. "फरशी मात्र झिजलीय."

"घासून घासून."

"झिजलीय," असं म्हणत ट्रेव्हरने लिहून घेतलं. मागच्या अंगणात त्याला मातीचा छोटा उंचवटा दिसला. हे काय, असं त्याने विचारलं. बर्नीने चिमणीची गोष्ट सांगितली. माणूस खरं बोलला की सुटतो, असं तिला लहानपणी शिकवलं होतं. ट्रेव्हरने तेही लिहून घेतलं आणि दोन रोल खाल्ले.

त्या रात्री बर्नीला युक्ती सुचली. हिशोब साधा होता. आपण पडीक झालो तर पडीक चार होतात आणि आपण मेलो. पण मोडकळीला आलेल्या तीनांपैकी एखादी इमारत धड केली तर? मग आपल्याला पडीक ठरवूनही त्यांचा काही उपयोग नाही. समोर बुटांचं बंद दुकान होतं. मालक फ्लोरिडात राहायचा. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "लाव बाई काचा, आणि जमलं तर विकूनही टाक."

बर्नी पहाटे पाव भाजायची आणि दुपारी शिडीवर चढायची. काचा बसवल्या, चौकटी घासल्या, हिरवा रंग दिला. बँकेतली पोरं दारात उभी राहून बघायची. "आजी, आमच्याही खिडक्या राहिल्यात!" "तुमच्या तोंडांपासून सुरुवात करते, थांबा!" असं ती वरून ओरडायची.

शिडी धरायला मार्लीन टॅकेट यायची. मार्लीन नगरसेविका होती, पण त्याआधी बर्नीची जिवाभावाची मैत्रीण होती. दर गुरुवारी दोघी पत्ते खेळायच्या आणि दोघीही लबाडी करायच्या.

"अगं, पडशील! हाडं मोजायला लागतील."

"मग नीट धर ना शिडी."

"धरलीय. वळ इकडे, हस बघू. एक फोटो काढते."

"फोटो कशाला? रंग लागलाय तोंडाला."

"आठवण गं. गावात एवढं कष्टाचं माणूस आहे कुठं?"

बर्नी वळली आणि हसली. फोटो खरंच चांगला आला. सभेच्या संध्याकाळी तो पडद्यावर चार फूट उंचीचा दिसला, फक्त शिडी धरणारा मार्लीनचा एक हात कापून.

ट्रेव्हर काठीने दाखवत होता. "परवाना नसलेली व्यक्ती. वय पंचाहत्तरच्या पुढे. दुसऱ्याच्या मालमत्तेवर, सार्वजनिक पदपथावर शिडी लावून. हे काम बेकायदा असल्यामुळे त्या काचा काढाव्याच लागतील. म्हणजे ते दुकान पडीकच. आता बेकरी. फरशी झिजलेली. काच पक्ष्यांच्या जिवाला धोकादायक. आवारात मृतदेह पुरल्याची मालकीणबाईंनी स्वतः कबुली दिली आहे. ज्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांवर शिडीवर चढायची पाळी येते, तो भाग सुस्थितीत आहे असं कोण म्हणेल?"

कुणीच म्हटलं नाही. सगळ्यांच्या तोंडात रोल होते. परिषदेची रोलची ऑर्डर कित्येक वर्षांची, आणि राग आला म्हणून ऑर्डर चुकवायची नसते, म्हणून बर्नीने स्वतःच आणून दिले होते.

डेलने कोंबडीला पीळ दिला. बर्नी माईकपाशी उभी राहिली.

"पहिली गोष्ट, मी अडुसष्टची आहे." मागे कुणीतरी हसलं. "दुसरी, तो मृतदेह चिमणीचा आहे. डेल, तू स्वतः येऊन म्हणालास की काच फोड. मी नाही फोडली, म्हणून आता काच जास्तच चांगली आहे हा गुन्हा? मार्लीन, तू सांग ना. तूच धरली होतीस शिडी."

मार्लीनने डोळे टिपले. "बर्नी, चिडू नकोस गं. फोटोत किती गोड दिसतेस."

"मला फक्त एवढंच म्हणायचंय, की पहाटे भट्टी पेटवल्यावर—"

कोंबडी वाजली.

"डेल, तो टायमर माझा—"

"वेळ संपली, मिसेस ह्रुस्का," डेल म्हणाला. अख्ख्या आयुष्यात त्याने तिला पहिल्यांदा मिसेस म्हटलं.

ठरावाला अनुमोदन मार्लीनने दिलं, फार भरल्या गळ्याने.

अर्थात, असं काही झालेलंच नाही असं आपलं ठरलं होतं. दोन महिन्यांनी बुलडोझर आला, त्याला हे कुणी कळवलं नव्हतं. भिंती पडल्या, पण भट्टी पडेना. आजोबांनी बांधलेली. शेवटी मोठं यंत्र मागवावं लागलं आणि त्याचं भाडं बर्नीच्या मोबदल्यातून कापलं. मोबदलाही रास्त होता: पडीक इमारतीला जो भाव असतो तो.

रोखे झटपट खपले. मग हॉटेल कंपनीचं पत्र आलं. आपल्या पाहुण्यांना हॉटेलपासून चालत जाता येईल असं काहीतरी लागतं, उदाहरणार्थ एखादी जुनी घरगुती बेकरी. तशी ती कॉर्विन फॉल्समध्ये न आढळल्यामुळे कंपनी शेजारच्या गावी जात आहे, असं त्यात होतं. पत्र डेलने सभेत वाचून दाखवलं आणि 'उदाहरणार्थ'पाशी खोकून घेतलं.

हॉटेल नाही म्हणजे जास्तीचा कर नाही, पण रोखे फेडायला तर लागतात. ते आता पाणीपट्टीतून फिटतात. बर्नी धुलाई केंद्राच्या वर दोन खोल्यांत राहते, आणि कॉफीला पाणी ठेवलं की पार्किंगचा हप्ता भरत असते. पार्किंगही नाही. कुंपण आहे, आणि कुंपणावर मोठं चित्र: नदीकाठी चालणारी हसरी माणसं. त्यातल्या एका बाईच्या हातात पावाची पिशवी आहे. चित्रामागे काटेरी झुडपं माजलीत. उंदीर आहेत, आणि ते उपाशी नाहीत.

बर्नीने ट्रेव्हरला फोन केला. "आता तरी पडीक आहे ना?"

"नाही मॅडम. रोख्यांच्या करारात लिहिलंय, तो भाग आता विकसित आहे. पडीक म्हटलं तर करार मोडतो."

"तू येऊन बघ ना."

"बघायची गरज नसते मॅडम."

तेव्हापासून ती प्रत्येक सभेला जाते. परिषदेचे रोल आता सुपरमार्केटमधून येतात. "तुझ्या हाताची सर नाही गं," असं मार्लीन तिला माईकवरूनच सांगते. मग डेल कोंबडीला पीळ देतो, आणि बर्नी चष्मा लावून दर वेळी तोच कागद वाचते:

"माननीय परिषदेस विनंती की, माझी बेकरी पडीक ठरवण्याचा ठराव झालाच नाही अशी नोंद इतिवृत्तात घ्यावी, माझी भट्टी उद्या पहाटेपर्यंत होती त्या जागी, होती त्या स्थितीत उभी करून द्यावी, आणि तोवर परिषदेच्या ताब्यात असलेली पिवळी कोंबडी अर्जदारास परत करावी, कारण पाव आत आहेत."