भट्टीला हाक

घरात तिला सगळे भोंगा म्हणत. बोलायला लागली की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं, त्याला ती तरी काय करणार! आणि आज हा भोंगा चक्क भट्टी पेटवणार होता.

झालं असं, की बाबांच्या डोळ्यांना आता जाळ सोसत नव्हता. कपबश्या भाजायच्या भट्टीवरची त्यांची जागा रिकामी झाली. काकांनी ती मनातल्या मनात दादाला, म्हणजे स्वतःच्या लेकाला, देऊनही टाकली होती. "मलाही हवी," म्हणून भोंग्याने हट्ट धरला. आठवडाभर घरात भांड्याला भांडं लागलं. शेवटी बाबा म्हणाले, "आधी ती पेटवेल. पेटली तर जागा तिची."

त्यांच्या कारखान्याची एक रीत होती. काडी ओढताना जाळाला हाक मारायची, आणि ती हाक आपली स्वतःची हवी, कुणाची उष्टी नको. बाबा म्हणायचे, "ये गं माये." काका डरकाळी फोडायचे, "ऊठ वाघा!" आणि काडी एकच. विझली की पाळी दुसऱ्याची.

"तुझी हाक काय गं?" काकांनी विचारलं.

"फायर!"

दादा फिस्सकन हसला. काकांनी कपाळाला हात लावला. "अगं, ही भट्टी आहे, तुझी शाळा नाही. हिला काय इंग्रजी कळणार?"

"शाळेतच तर शोधला मी हा शब्द! बाईंनी एकेकाला एकेक वाटला होता. काका, फार फार पूर्वी म्हणे माणसांकडे आगीला दोन शब्द होते. एक जिवंत आगीचा, जिच्यापुढे हात जोडायचे. आपला अग्नी त्यातला. दुसरा हाताशी धरायच्या, राबणाऱ्या आगीचा. तो फिरत फिरत इंग्रजीत गेला आणि जुन्या फ्यूरचा फायर झाला. तुम्ही हात जोडून बोलावता ना? मी कामाला बोलावणार!"

"बघा, हिला जाळ म्हणजे गडी वाटला," काका म्हणाले.

"आणि बंदूक डागणं म्हणजे फायर. त्यावरूनच माणसाला नोकरीतून गोळीसारखं बाहेर उडवणं, तेही फायर. आणि कच्ची कपबशी भट्टीत भाजणं? तेसुद्धा फायरच! आपल्या धंद्याचाच शब्द आहे, आणि त्यालाच परका म्हणता?"

"पेटव आता," बाबा हसू दाबत म्हणाले, "नाहीतर नुसत्या बोलण्यानेच कप भाजून निघतील."

तिने काडी ओढली. "फायर!" म्हणत चिपाडांना लावली. जाळ जरासा उठला, वळवळला, आणि भसकन सगळा धूर तिच्याच तोंडावर आला. खोकून खोकून तिचे डोळे भरले. जाळ विझला.

"झालं," काका म्हणाले. "दादा, ये पुढे. आणि भोंग्या, तुझ्याच शब्दात सांगायचं तर तुला फायर केलं."

सगळे हसले. बाबासुद्धा. तिला ते फार लागलं.

"काढायला आधी ठेवावं लागतं, काका. मला ठेवलंत कधी?"

हसू थांबलं. ती डोळे पुसत स्टुलावर चढली. धूर मागे फिरला म्हणजे त्याला वर वाट नव्हती. तिने हात घालून चाचपलं. धुराड्याची झडप घट्ट बंद!

"कबुतरं शिरतात म्हणून काल मीच..." काका पुटपुटले आणि लगेच तडकले, "पण झडप बघणं पेटवणाऱ्याचं काम!"

"माझंच काम. चुकले मी. आता बघितली ना?" तिने झडप ओढली. काजळीचा शिंतोडा थेट नाकावर. "काडी द्या."

"काडी एकच. वाडवडिलांपासून."

"मग ती रीत मी आज मोडते. तुम्हाला राग येईल तर येऊ दे."

काका बाबांकडे बघायला लागले. तेवढ्यात दादाने काडेपेटी तिच्याकडे भिरकावली.

"फितूर!" काका ओरडले.

"अहो पप्पा, मला कुठे इथे भाजून घ्यायचंय? मला कप रंगवू द्या ना सुखाने."

तिने दुसरी काडी ओढली आणि घशाच्या शिरा ताणून हाक मारली, "फायर!"

या वेळी जाळ सरळ आत शिरला, वर वळला आणि धुराड्यात घों घों करू लागला. समोरचा सुतार पाण्याची बादली घेऊन धावत आला. "कुठे? कुठे लागली?"

"लागली नाही, लावली!" ती म्हणाली. "मी लावली!"

बादली तिथेच ठेवून सुतार हसत बसला. काकांनी एक ओंडका उचलला. "एकदम कोंबू नकोस. थोडं थोडं. पहिला तास भट्टी एकदम तापवायची नाही, कप तडकतात."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणे!" असं म्हणत काका भट्टीच्या भोकातून आत डोकवायला वाकले, नेहमीसारखेच, सगळ्यांच्या आधी.

"काका, सरका जरा. मला जाळाचा रंग बघायचाय."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. नाकावर काजळी, डोळे लाल, आणि हटायचं नाव नाही. ते सरकले.