दादीच्या आवाजामागचं जपानी गाणं

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. रत्नागिरीत राजिवड्याच्या एका घरात, कपाटाच्या वरच्या खणात राहते. माझ्यावर चित्र नाही, नाव नाही. पण माझ्या पोटात जपानची गाणी आहेत.

मला जमालने भरलं. तो मालवाहू जहाजावर खलाशी. जपानच्या एका बंदरात त्याने चार गायिकांच्या गटाची सीडी घेतली. घरी सीडी वाजवायची सोय नव्हती, म्हणून जहाजावरच्या मशीनवर त्याने ती माझ्यात उतरवली. २००१ च्या मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा अकरा वर्षांच्या लेकीला, तूबाला, म्हणाला, "तिकडची जुनी गाजलेली गाणी आहेत ही. या पोरींनी त्यांना नाचायचा ताल लावलाय. आजोबांना जीन्स घातलीय, असं समज."

तिसरं गाणं तूबाला इतकं आवडलं, की शाळेच्या डिसेंबरमधल्या स्नेहसंमेलनात मैत्रिणींबरोबर त्यावरच नाच बसवायचं ठरलं. शब्दांचा अर्थ कुणालाच कळत नव्हता, तरी तूबा आणि तिच्या चार मैत्रिणी, पाचही जणींनी ते पाठ केले. दिवसातून दहा वेळा मला मागे फिरवायच्या. त्याचं मला काही वाटायचं नाही. कौतुक कुणाला नको असतं?

आता त्या घराची एक रीत सांगते. जमालच्या आईला, म्हणजे दादीला, लिहिता येत नव्हतं. जहाजावरून फोन क्वचित यायचा. म्हणून ती कोऱ्या कॅसेटमध्ये बोलायची आणि मोहल्ल्यातला कोणी जहाजावर निघाला की त्याच्या हाती ती द्यायची. जमाल ऐकायचा आणि तिच्यावरच आपलं उत्तर भरून पाठवायचा. बिनचित्राची कॅसेट म्हणजे बोलणं भरायचीच, हे दादीच्या डोक्यात पक्कं होतं.

संमेलनाला दोन दिवस उरले होते. शेजारचा अद्नान दुसऱ्या दिवशी जहाज गाठायला निघणार होता. तूबा शाळेत, तिची आई रझिया मासळी आणायला गेलेली. दादीने मला टेपमध्ये घातलं, लाल बटण दाबलं आणि अकरा मिनिटं बोलली.

संध्याकाळी तूबाने गाणं लावलं, तर दादीचाच आवाज. पहिली दोन गाणी पुसली गेली होती. तिसरं अर्धं.

"दादी, काय केलंस गो?"

"त्यात जपानच्या पोरी बसल्यात, हे मना काय ठावं?" दादी म्हणाली. मग तिलाच वाईट वाटलं. "आता मी गाऊन देऊ?"

तूबा हसली नाही. जेवलीही नाही.

अद्नान माझ्याविनाच गेला. रझियाने शाळेत जाऊन मांडवकर बाईंना गाठलं. नाच बसवणाऱ्या त्याच. बाई म्हणाल्या, "शब्द पाठ आहेत ना? मग पहिलं अर्धं तोंडाने म्हणा. पुढचं कॅसेटवर."

संमेलनात पोरी टाळ्या वाजवत गाऊ लागल्या. लाउडस्पीकरवाल्या दादूने मला जरा जास्तच मागे फिरवून सुरू केलं, आणि सगळ्या मैदानाला दादी ऐकू आली, "जमाल, तूबाच्या डोक्यात उवा झाल्यात. पण पोर ऐकत नाय कोणाचं."

मैदान हसलं. तूबाचा पाय अडखळला. तेवढ्यात माझ्यातलं गाणं उसळलं, आणि पाचही जणी अशा नाचल्या की हसणारेच ताल धरून टाळ्या देऊ लागले. दादी शेजारणीला सांगत होती, "माझीच कॅसेट ती."

महिन्याभराने जमालचा फोन आला. सगळी हकिगत ऐकून तो म्हणाला, "सीडी आहे माझ्याकडे. कॅसेट पाठव, परत पुरी भरून देतो."

"नको अब्बा," तूबा म्हणाली. "दादीचं पुसलं जाईल."

"अगो, सुकट नि कौलांचंच बोलली असेल ती."

"असू दे. तू ऐक तरी." तिने रिसिव्हर टेपजवळ धरला. उवा आल्या तेव्हा पलीकडे जमाल हसला.

माझ्या पाठीवर दोन छोट्या खुंट्या असतात. त्या मोडल्या की माझ्यावर पुन्हा काही भरता येत नाही. फोन ठेवून तूबाने पिन घेतली आणि दोन्ही मोडून टाकल्या.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी बिनचित्राची कॅसेट सापडली, तर ती रिकामी आहे असं धरू नका. आधी एकदा ऐका. आत कुणीतरी बोलत असेल.