घोट्यापासून गुडघ्यापर्यंत

घोटा.

धुळ्याच्या गिरणीचा पहिला भोंगा होण्याआधी सुगंधाबाई नवऱ्याचा, हिलालचा, पाय मांडीवर घ्यायची. दिवसभर मागावर उभं राहून फुगणाऱ्या शिरांसाठी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. पाय जमिनीला लागायच्या आत त्या बांधायच्या, हा तिचा हट्ट. माणूस उभा राहिला की रक्त खाली उतरतं. मग बांधायचं काय, सूज? घोट्यापासून वर, एकेक वेढा. हाताबरोबर तोंडही चालायचं. शेजारणीची कोंबडी, नणंदेचं नाक, ओली लाकडं. हिलाल डोळे मिटून "हं" म्हणायचा. ऐकायचा कमीच.

पोटरी.

होळीआधी ती तापाने गेली.

आता तो स्वतःच बांधतो. खाटेवर बसून वाकलं की पाय खाली येणारच. दुपारपर्यंत पट्टी घोट्याशी गोळा होते आणि पोटरीच्या शिरा दोरखंडासारख्या फुगतात. मागाजवळ जो बसला त्याचा माग दुसऱ्याला, असा गिरणीचा शिरस्ता. घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. मागाला तरी तो लागत होता.

विणकराला अक्कल विणकराचीच सुचणार. खळ दिली की सूत ताण सोसतं. मग पट्टी का नाही सोसणार? त्याने पट्ट्या खळीत बुडवल्या, वाळवल्या, बांधल्या. पत्र्यासारख्या ताठ.

सरकल्या नाहीत. कातडी मात्र कापत गेल्या.

गुडघा.

दुपारी गुडघा वाकला आणि हिलाल मागाजवळ बसला.

मुकादम तोताराम समोर उभा. त्याने धोतराचा रक्ताळलेला काठ पाहिला.

"हाई काय करी ठेयं रे?"

"खळ दिधी."

"पायले? आते विणस का त्यासले?"

हिलाल उठायला लागला. तोतारामने खांदा दाबून खाली बसवलं.

"कोन बांधस तुन्या पट्ट्या?"

"मीच."

"दुसरी बायको करी ले."

"पट्ट्या बांधाले?"

"मंग आम्ही कसासाठे करी?"

हिलाल हसला नाही. तोतारामने इकडेतिकडे पाहिलं, स्वतःचं धोतर वर केलं आणि पायाची पट्टी सोडली. मऊ, जुनी, हिरव्या लुगड्याची.

गुडघा. पोटरी. घोटा.

उलट. हिलालची ताठ पट्टी काढून तोताराम आपली वरून खाली बांधत होता. सुगंधाबाईने हातावर चापट मारली असती. सांगावं, असं हिलालच्या ओठांवर आलं; पण एवढ्या दिवसांत त्याच्या पायाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

"भोंगा होस तवलोंग उभा ऱ्हाय," तोताराम म्हणाला. "उद्यानं उद्या."

मग तो खाली मान घालून गाठ मारत राहिला. काही बोलला नाही. कोंबडी नाही, नणंद नाही, लाकडं नाहीत. चहूकडे मागांचा खडखडाट.

"हं," हिलाल म्हणाला.

तोतारामने वर पाहिलं. "मी काही बोलनू नही."

"नही," हिलाल म्हणाला, आणि मागाला धरून उभा राहिला.