शीर्षकाखालचा परिच्छेद

"इमेज," फोन म्हणाला. बोटाखाली येईल ते तो बोलून दाखवायचा. लीलाताईंनी बोट पुढे सरकवलं. "इमेज," तो पुन्हा म्हणाला, आणि त्यानंतर एकदम "सदस्यत्व रद्द करा". आंब्याच्या पेढीची यंदाच्या हंगामाची पहिली मेल आली होती आणि तिच्यातलं एवढंच त्यांच्या वाट्याला आलं.

काचबिंदूने डोळे नेले, त्याआधीचं सगळं आयुष्य त्यांनी त्याच पेढीत टाइपरायटरशी काढलं होतं. गिऱ्हाइकांना जाणारं हंगामाचं पत्रक त्याच टाइप करायच्या. मथळा मधोमध, खाली एक ओळ मोकळी, मग मजकूर. कागद निघाला की तो घेऊन मागच्या शेडमध्ये जायच्या. तिथे मथुरा पेंढ्यात बसून फळं निवडत असायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण पत्रक तिला ऐकवल्याशिवाय लीलाताईंना चैन पडत नसे. घाईत एखादा परिच्छेद सोडला की मथुरेचा हात थांबलाच.

"सगला वाच गो बाय, मदला टाकू नको," म्हणायची.

आढीतल्या पिकत्या आंब्यांचा वास आणि मथुरेचा तो दटावणीचा सूर, दोन्ही लीलाताईंना अजून बरोबरच आठवत. मथुरा आता मुंबईला लेकाकडे राहते, असं दिवाळीनंतर अपूर्वने सांगितलं होतं. जाताना भेटून गेली नाही, म्हणून लीलाताई तिच्यावर जरा रुसल्याच होत्या.

अपूर्व म्हणजे त्यांचा मुलगा, बँकेत नोकरीला. गुणी पोरगा. रोज संध्याकाळी आईला पेपर वाचून दाखवायचा, मेलही वाचायचा. पण त्याच्या वाचनातल्या रत्नागिरीत कोणी आजारी पडत नसे आणि मरत तर नसेच. आईच्या जिवाला त्रास नको, म्हणून तो निवडून निवडून वाचायचा. लीलाताईंना ते कळत होतं आणि फार लागत होतं. डोळे गेले म्हणून आपण काही कुक्कुलं बाळ झालो नाही, असं त्या मनात चरफडायच्या. निदान पेढीची मेल तरी आपली आपण ऐकायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्यांनी पेढीत फोन लावला. त्यांच्या जागेवर आता मृणाली होती. ती म्हणाली की सगळा मजकूर चित्रातच बसवलाय, दिसायला छान दिसतो, आणि काकूंना हवं तर आत्ता फोनवर वाचून दाखवते.

"तू वाचशील गो," लीलाताई म्हणाल्या, "पण मला माझं ऐकायचंय."

मृणालीने मनावर घेतलं. पुढची मेल अक्षरांत आली खरी, पण फोनने ती एका दमात म्हणायला घेतली. कुठे दर संपले आणि कुठे पत्ता सुरू झाला, पत्ता लागेना. एखादा आकडा निसटला की पुन्हा नमस्कारापासून. लीलाताईंनी अर्ध्यातच हात टेकले आणि पुन्हा फोन केला. मग मृणालीलाही उमगलं. तिने शीर्षकं नुसती मोठी आणि ठळक केली होती. ती डोळ्यांपुरती झाली. हे शीर्षक, हा परिच्छेद इथे सुरू, इथे संपला, हे फोनला कळायला मेलच्या आत तसे टॅग, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा, लावाव्या लागतात. अशी तक्रार सांगायला आजवर कोणी आलं नव्हतं, पण आपल्या गिऱ्हाइकांत असे ऐकून वाचणारे आणखी कितीजण असतील, या विचाराने पोरगी ओशाळली.

रविवारी दुपारी मेल आली. लीलाताई गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या.

"शीर्षक. हापूस आला." बोट सरकवलं. "शीर्षक. यंदाचे दर." इथे त्या थांबल्या, खालचा परिच्छेद नीट ऐकला, पुढे गेल्या. हवं तिथे थांबायचं, नको ते ओलांडायचं. किती दिवसांनी आपल्या मनाने वाचत होत्या. त्यांना फार बरं वाटलं.

"शीर्षक. आमची माणसं."

हे शीर्षक त्यांचंच. आंबा कुणाच्या हातून आला हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे, म्हणून मालकांशी भांडून त्यांनी ते पत्रकात घातलं होतं. पोरीने ते ठेवलं होतं. त्यांनी कौतुकाने बोट सरकवलं.

"आमच्या शेडमध्ये जन्मभर फळं निवडणाऱ्या मथुराबाई गोताड दिवाळीनंतर गावच्या घरी वारल्या. त्यांच्या हातून आंबा कधी डागी गेला नाही."

ज्या आवाजात दर सांगितले त्याच आवाजात फोनने हेही सांगितलं. लीलाताईंनी बोट मागे नेलं आणि पुन्हा सगळं ऐकलं. मग त्यांना रडू फुटलं. अपूर्वचा रागही आला. दिवाळीपासून आपण तिच्यावर रुसून बसलो होतो, हे तर सहनच होईना.

आत चहाचं आधण उकळत होतं. "आई," फोन बोलताना ऐकून अपूर्वने घाबऱ्याघुबऱ्या आवाजात हाक मारली, "पेढीची मेल आली का? थांब, मी वाचतो."

त्या आवाजावरून त्यांच्या लक्षात आलं, की हे ओझं पोराने इतके महिने एकट्याने वागवलंय.

"वाचली मी."

"काय म्हणतायत?"

"हापूस सुरू झालाय. दर चढेच आहेत यंदा."

"आणि?"

"आणि काही नाही रे. चहा आण."

तो बाहेर येईपर्यंत त्यांनी पदराने डोळे कोरडे केले आणि चाचपून त्याच्यासाठी शेजारची खुर्ची ओढून ठेवली.